सुनेला दिवस गेले, म्हणून पंप बंद?

घरात सुनेला दिवस गेले, की तिच्या ताटाप्रमाणे तिच्या औषधांकडेही वडीलधाऱ्यांचे लक्ष जाते. ‘पोटातल्या जिवाला औषध नको’ ही काळजी मायेपोटीच असते. परंतु सून दमेकरी असेल, तर या मायेपायी तिचा पंप कपाटात जाऊन पडतो आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो.

गर्भाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातून, वारेच्या वाटेने. आईला धाप लागली, की त्याचाही पुरवठा घटतो. दमा आटोक्यात नसलेल्या स्त्रियांत अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे मूल आणि वाढलेला रक्तदाब अधिक आढळतो. उलट पंपातले औषध थेट फुप्फुसांत उतरते. रक्तात फारच थोडे जाते. ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल ही औषधे गर्भवतींना अनेक वर्षे दिली जात आहेत. डॉक्टरांनी सांगितल्यावाचून ती थांबवू नयेत.

गरोदरपणात साधारण एकतृतीयांश स्त्रियांचा दमा वाढतो, तितक्याच जणींचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. वाढतो तो बहुधा 24 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान. आपले डोहाळजेवण नेमके याच काळात येते! कौतुक जरूर करावे. धूप, उदबत्ती आणि अत्तर मात्र त्या दिवशी दूर ठेवावे.

जिना चढताना दम लागणे गरोदरपणात स्वाभाविक आहे. छातीत शिट्टीसारखा आवाज येणे किंवा रात्री खोकल्याने झोपमोड होणे स्वाभाविक नव्हे, डॉक्टरांना दाखवावे. पंपाने आराम पडेना, एक वाक्यही सलग बोलवेना, ओठ निळसर दिसू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रसूतीसाठी दाखल होतानाच दम्याची गोष्ट स्पष्ट सांगावी. रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे कार्बोप्रोस्ट हे इंजेक्शन दमेकरी स्त्रीच्या श्वासनलिका आवळू शकते. आधी कळले, तर डॉक्टर दुसरे औषध निवडतात.

घरी आल्यावरही पंप चालू ठेवावा. अंगावर पाजण्यास त्याने बाध येत नाही. शेगडीवरची ओव्याची धुरी मात्र बाळंतिणीला नको आणि बाळालाही नको. शेक द्यायचाच, तर कमरेला गरम पाण्याच्या पिशवीचा द्यावा.