तारखा का पडतात, हे नोंदींना विचारा

व्यवसाय-प्रक्रियांच्या विदा-विश्लेषणावरील परिषदांत खरेदी, बिले, कर्जमंजुरी यांचीच चर्चा अधिक होते. अशी एक परिषद जबलपुरात भरावी आणि तिने न्यायालयीन दिरंगाई हाच विषय घ्यावा. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून इथे आहे आणि २००५ मध्ये स्थापन झालेली माहिती तंत्रज्ञान संस्था ‘ट्रिपल आयटी’ही इथेच आहे. नेदरलँड्सचे विल व्हॅन डर आल्स्ट यांनी नावारूपाला आणलेल्या प्रोसेस मायनिंगला, म्हणजे नोंदींतून कामाचा प्रत्यक्ष क्रम शोधण्याच्या शास्त्राला, मुळात तीन गोष्टी पुरतात: प्रकरणाचा क्रमांक, घडलेली कृती आणि तिची वेळ. खटल्याच्या नोंदीत या तिन्ही असतात. राष्ट्रीय न्यायिक विदा ग्रिडवर प्रलंबित खटल्यांची संख्या आणि वय दिसते. पण नोटीस, कैफियत, साक्षीपुरावा यांपैकी कुठे किती महिने गेले आणि खटला कुठून मागे फिरला, हे कळायला एकेका खटल्याचा क्रम लावावा लागतो.

न्यायालय म्हणजे कारखाना नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मोजायची ती प्रतीक्षा. न्यायाधीशांचा विचार नव्हे. गोपनीयतेसाठी पक्षकारांची नावे आधीच वगळता येतात. अधिक गंभीर अडचण नोंदींच्या दर्जाची आहे. प्रोसेस मायनिंगच्या २०११ च्या जाहीरनाम्याने नोंदींना एक ते पाच तारे देण्याची पद्धत घालून दिली. तहकुबीचे कारण नुसते ‘पुढील तारीख’ असे लिहिले, तर कोणतेही गणित हतबल ठरते. त्यामुळे परिषदेत प्राध्यापकांइतकेच न्यायालयातले लिपिकही बसायला हवेत.