चावी कुणी मागायची?

"आबा, वय झालं, आता गाडी सोडा." हे वाक्य मुंबईत फार मायेनं बोललं जातं. मुलगा बोलतो, सून बोलते, लिफ्टमध्ये भेटणारा तोंडओळखीचा माणूसही बोलतो. मायेनं बोललेल्याला उलट उत्तर द्यायचं म्हणजे अवघड काम. म्हणून गावाकडनं आलेले बहुतेक म्हातारे मुकाट चावी खुंटीला लावतात आणि खिडकीशी जाऊन बसतात. मी उत्तर देणार आहे. माझी मोटरसायकल पाटण खोऱ्यातनं लालबागला आली आहे, आणि ती इथं धूळ खायला आलेली नाही.

आधी कायद्याचं बघू. लोक असं बोलतात, जणू साठीनंतर गाडी चालवणं हा गुन्हाच आहे. मोटार वाहन कायद्यात खाजगी गाडी चालवायला वरची वयोमर्यादाच नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्याला लायसन पाच वर्षांचं मिळतं, मग पुन्हा नवं करायचं. चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखलाही लागतो. म्हणजे सरकारनं वयाला बंदी घातली नाही, तपासणी घातली. हे शहाणपणाचं आहे. आता तो दाखला पुष्कळ ठिकाणी माणसाच्या डोळ्यांकडं न बघता लिहिला जातो, ही गोष्ट वेगळी. पण मग भांडण त्या खोट्या दाखल्याशी करा. ज्याची नजर चांगली आहे त्याच्याशी कशाला?

दुसरी गोष्ट धोक्याची. दुचाकी धोक्याची नाही असं मी म्हणणार नाही. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यातली शंभरातली चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरची होती. हा सरकारचाच आकडा आहे. त्याच वर्षी मेलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश माणसं अठरा ते पंचेचाळीस वयाची होती. कुणी म्हणेल, म्हातारे गाडी चालवतात कमी, म्हणून मरतात कमी. बरोबर आहे. या आकड्यावरून म्हातारा जास्त शहाणा ठरतो असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच, की धोका दुचाकीत आहे आणि तो पंचविशीच्या पोरालाही आहे. ते पोर एका हातात मोबाईल धरून परळच्या सिग्नलला घुसतं, त्याला कुणी म्हणत नाही, "बाळा, चावी ठेव." चावी मागायची ती फक्त पिकल्या केसांकडं.

शरीर मंदावतं हे खरंच. शेतकऱ्याला ते कुणी शिकवायला नको. पण म्हातारा बैल आम्ही कसा वापरतो? त्याला चिखलणीला जुंपत नाही, हलक्या कामाला लावतो. चढाला घाई करत नाही. तो वाट चुकत नाही, कासरा ओढायच्या आत थांबतो. मोटरसायकलचं तसंच आहे. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर पाच-साडेपाच मीटर हातचे गेले. त्याला उपाय आहे. वेग तीसवर आणा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, रात्रीची आणि पावसातली फेरी टाळा. हिंदमाताला पाणी साचलं की त्या बाजूला फिरकूच नका. हे सगळं म्हाताऱ्याला जमतं, कारण त्याला कुठं गाठायची घाई नसते. मागचा हॉर्न वाजवतो? वाजवू द्या. हॉर्नानं माणूस मरत नाही.

तिसरी गोष्ट पर्यायाची. "बसनं जा, लोकलनं जा, चालत जा." सांगणारे हे तिन्ही शब्द एका दमात सांगतात. बस वेळेवर आली आणि चढायला जागा मिळाली तर बसइतकं सुखाचं काही नाही. 2025 च्या मे महिन्यात बेस्टचं पाचाचं तिकीट दहा रुपये झालं, तेही देऊ. पण थांब्यावर पाऊण तास उभं राहायला गुडघे लागतात. गाडीवर बसायला तेवढे लागत नाहीत. दादरचा जिना संध्याकाळी सहाला चढून बघा, मग मला सांगा म्हातारपणाला काय सोसतं.

आणि चालणं सुरक्षित, हे कुणी ठरवलं? 2017 सालचे दोन दिवस आठवा. 29 ऑगस्टच्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन रोडजवळ चालत घरी निघाले होते. पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलनं त्यांना नेलं. बरोबर महिन्यानं, 29 सप्टेंबरला, तिथंच जवळ एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसवर माणसं गेली. ती सगळी चालणारीच होती. त्यानंतर कुणी म्हटलं नाही की मुंबईकरांनी चालणं सोडावं. म्हटलं गेलं, की मॅनहोलला जाळी बसवा, पूल रुंद करा. तेच बरोबर होतं. मग दुचाकीवरच्या म्हाताऱ्याच्या बाबतीत खड्डा बुजवायच्या आधी म्हाताऱ्यालाच का बुजवता?

या शहराला दुचाकीचं तसं वावडंच आहे. सागरी सेतू बांधला, तिथं दुचाकीला बंदी. अटल सेतूवर बंदी. किनारी रस्त्यावर बंदी. जे. जे. च्या उड्डाणपुलावर 2010 पासून बंदी. असू द्या, मला समुद्रावरनं कुठं जायचं नाही. पण दरवर्षी गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बाया बुलेटवर निघतात, तेव्हा हेच शहर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून कौतुक करतं. मलाही तो देखावा आवडतो. माझं म्हणणं एवढंच, की मिरवणुकीतल्या गाडीला जेवढा मान देता त्यातला थोडा रोजच्या कामाच्या गाडीलाही द्या.

कामाची म्हणजे कसली, ते सांगतो. लालबाग-परळला घाटावरची माणसं गिरण्यांनी आणली. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण गावाकडच्या माणसाची इथली वाट बंद झाली नाही. पूर्वी तो पोटासाठी यायचा, आता दुखणं घेऊन येतो. केईएमला येतो, टाटाला येतो. कुणी दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरतो, कुणाला तिथं जागा मिळत नाही, तो फुटपाथवर पथारी टाकतो. माझ्या गावचा, शेजारच्या वाडीचा कुणी आला की फोन येतो, "आबा, हायसा का?" मी म्हणतो, "हाय की." मग घरात भाकरी आणि पातळ भाजीचा डबा भरला जातो आणि दहा मिनिटांत गाडी परळला असते. कधी डबा, कधी गोळ्या, कधी रक्ताचा रिपोर्ट. टॅक्सी करून रोज डबा पोचवायचा तर डब्यापेक्षा भाडं जड. गाडी सोडा म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, हा डबा उद्यापासून कोण नेणार? मी विचारलं, तेव्हा घरात कुणी बोललं नाही.

खरी गोष्ट इथं आहे. आम्ही गावाकडची माणसं एक धडा लवकर शिकतो. सातबारा नावावर असतो तोवर म्हाताऱ्याचं मत विचारलं जातं. गावातनं शहरात आल्यावर सातबारा इथं उपयोगाचा नसतो. इथं म्हाताऱ्याच्या हातात राहते ती चावी. ती गेली की प्रत्येक ठिकाणी विचारून जायचं, कुणी रिकामा असला तरच जायचं. मग हळूहळू जायचंच बंद होतं. घरातले म्हणतात, "आबा आताशा बाहेर पडत नाहीत." पडत नाहीत का पडू देत नाही? देव्हाऱ्यात बसवलेल्या देवाची पूजा होते, पण त्याला कुणी बाजाराला पाठवत नाही.

म्हणून चावी कधीच द्यायची नाही, असं नाही. द्यायची, पण नेमक्या कारणानं. मान वळवून खांद्यावरनं मागचं बघता येईना, तर द्यायची. मोतीबिंदूनं समोरच्या दिव्याभोवती वलय दिसायला लागलं, तर ऑपरेशन होऊन डॉक्टर होय म्हणेपर्यंत द्यायची. गाडी डबल स्टँडला लागेना, तोल जायला लागला, किंवा गोळीनं झापड येत असेल, तर त्याच दिवशी द्यायची. यातलं एकही कारण वाढदिवसाच्या केकवर लिहिलेलं नसतं. साठीला कुणाचे डोळे जातात, पंचाहत्तरीला कुणाचे धडधाकट असतात.

तेव्हा लेकरांनो, आम्हाला डॉक्टरकडं न्या, खरी तपासणी करा. हेल्मेट चांगलं घेऊन द्या. आमच्या मागं बसून एक फेरी मारा आणि मग काय चुकतं ते तोंडावर सांगा. आम्ही ऐकू. पण नुसता जन्मसाल बघून चावी मागू नका.