पांदण नकाशात आहे, मग शिवारात का नाही?



आपल्या शिवाराचा नकाशा इंग्रजाने काढला तो आपल्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. 1853 साली त्याने निजामाकडून वऱ्हाड घेतला आणि 1860 नंतर मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी लावली. कुणाकडून किती सारा उकळायचा, एवढाच हिशेब. 33 फुटांची साखळी, साखळीचे 16 आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. सारा नेणारे गेले. त्यांनी टिपलेले नाले, विहिरी, पांदणी कागदावर राहिल्या. आज सरकार तेच जुने कागद स्कॅन करून संगणकावर चढवते आहे. ते आपल्या कामी का येऊ नयेत?

साहेब म्हणतात, सातबारा मिळतो ना, झाले! कसे झाले? सातबारा नाव सांगतो, क्षेत्र सांगतो. वाट दाखवतो तो गावनकाशा. त्यात गाडीरस्ता तुटक दुहेरी रेघेने असतो, पाऊलवाट तुटक एकेरी रेघेने. कापसाची गाडी कुठून काढायची यावरून भाऊबंद कोर्टात तारखा खातात आणि उत्तर त्या तुटक रेघांत पडून असते. कडू आहे, पण बोललेच पाहिजे: पांदण सरकारने गिळली नाही. गावातल्याच लोकांनी दर साली एकेक तास पुढे सरकत ती नांगरली. ई-क्लासचीही बहुतेक गावांत तीच गत.

दुसरी गोष्ट घराण्याची. जातपडताळणीला इतर मागासांकडे 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांकडे 1961 पूर्वीचा. घरात कागद नाही, आजा कधीचाच गेला. जिथे एकत्रीकरण झाले तिथे गट नंबर आले, जुना सर्व्हे नंबर कुणाला आठवत नाही. जुना नकाशा नव्यावर ठेवला की तो नंबर सापडतो. नंबरावरून जुने फेरफार निघतात, त्यात वारसाची नोंद, म्हणजे पणजाचे नाव. मृत्यूचे साल कळले की कोतवाल बुकही शोधता येते. वकिलाला हजारो रुपये मोजण्याआधी एवढे आपल्यालाही जमेल.

मात्र पडद्यावरचा नकाशा म्हणजे मोजणी नव्हे. धुऱ्याचा वाद असेल तर मूळ टिपण काढा, मोजणी करून घ्या. मोबाईलवर बोट ठेवून शेजाऱ्याच्या अंगावर जाऊ नका.

आमची मागणी साधी आहे. शहरातल्या पडद्यावर नकाशा आला म्हणून गावाला मिळाला असे होत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावनकाशा मोठा छापून लावा, पांदण आणि ई-क्लास रंगवून दाखवा, बाजूला जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता द्या. ज्यांच्या साऱ्यावर ही मोजणी झाली त्यांच्याच नातवांकडून पुन्हा फी कसली घेता?

बैठकीला येताना प्रत्येक गावाने नकाशाची नक्कल आणावी, बंद पडलेली वाट लाल पेन्सिलीने दाखवावी. रस्ता नकाशात असेल तर अडथळा काढण्याचा अर्ज, नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून वाट मागण्याचा. दोन्ही अर्ज तिथेच बसून लिहू.