खडूस कोण? बोका की आपण?

आमच्या घरी एक बोका आहे. नाव आप्पा. हे नाव कुणी ठेवलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघून आपोआप पडलं. रिटायरमेंटला दोन महिने राहिलेल्या हेडक्लार्कसमोर कुणी बिनसहीचा अर्ज सरकवला तर त्याचा चेहरा जसा होईल, तसा आप्पाचा चोवीस तास असतो. मी ऑफिसातून घरी आलो तरी तसाच. मी घरातून निघालो तरी तसाच.

पण आजचा लेख आप्पाच्या गमतीजमतींचा नाही. म्हणजे त्या येणारच, त्यांना इलाज नाही. पण आज मला भांडायचंय. 'मांजर मुद्दाम करतं', 'मांजर डूख धरतं', 'नको असेल तर द्या सोडून' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी. आणि सुरुवातीलाच सांगतो, त्या यादीत पहिलं नाव माझंच आहे.

आधी आरोपपत्र वाचू.

आरोप क्रमांक एक. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आप्पा माझ्या उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला पंजाने हळूहळू कडेपर्यंत सरकवतो, माझ्याकडे बघतो आणि ढकलून देतो. शनिवार-रविवार धरून.

आरोप क्रमांक दोन. ओट्याच्या वरच्या फळीवरून हळदीचा डबा पाडणे आणि मग त्याच पायांनी घरमालकांच्या पांढऱ्या सोफ्यावरून फेरफटका मारणे. हळदीचा डाग जात नाही हे मराठी माणसाला सांगायला नको. तो सोफा आता कायमचा हळदीला बसलाय.

आरोप क्रमांक तीन हा सगळ्यात भारी. मध्यंतरी दोन आठवडे माझं व्हीपीएन रोज दुपारी तुटायचं. बरोबर क्लायंट कॉलच्या वेळी. मी इंटरनेटवाल्यांकडे तीन तक्रारी केल्या, लॉग काढले, केबल बदलली, फर्मवेअर अपडेट केलं. शेवटी त्यांचा माणूस घरी आला. त्याने राउटरकडे बघितलं, राउटरवर झोपलेल्या आप्पाकडे बघितलं, त्याला उचलून बाजूला ठेवलं, त्याच्या पाठीखाली दबून सैल झालेली अडॅप्टरची पिन घट्ट बसवली आणि म्हणाला, "साहेब, मांजराला दुसरीकडं झोपवा." सहा वर्षांचा अनुभव आहे मला या क्षेत्रातला. असो.

आता गंमत बघा. ऑफिसात सर्व्हर पडला तर कुणी म्हणतं का, 'सर्व्हरने डूख धरलाय'? म्हटलंच, तर मॅनेजर आपल्यालाच घरी पाठवेल. तिथे आपण रूट कॉज शोधतो. का झालं? ते का झालं? त्याच्याही आधी का? सर्व्हरच्या बाबतीत आपण एवढे शहाणे असतो आणि घरात एक जिवंत प्राणी पेला पाडतो तेव्हा मात्र थेट निकाल देतो : खडूस आहे साला.

नंतर (फार नंतर) मी हाच प्रश्न आप्पाच्या फाइलीला लावला. पहाटे पाच का? कारण मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वात जास्त जागं असतं, ती त्याच्या शिकारीची वेळ. पेलाच का? कारण पेला पडला की मी ताडकन उठतो आणि उठलोच आहे म्हणून त्याच्या वाटीत खाणं टाकतो. म्हणजे हे ट्रेनिंग मीच दिलं होतं, महिनोन्‌महिने, एकही सुट्टी न घेता. हळदीची फळी का? कारण आमच्या वन बीएचकेत उंच आणि खिडकीतून बाहेर बघता येईल अशी तेवढी एकच जागा होती. बेडरूमच्या खिडकीपाशी फळी ठोकली, त्या दिवसापासून हळद शाबूत आहे. राउटर का? अहो, गरम असतो!

एकाही आरोपात 'मुद्दाम' सापडलं नाही.

आता मुख्य खटला.

मागच्या हिवाळ्यात बायको आठ दिवस माहेरी, नाशिकला गेली होती. आप्पा मूळचा तिचा, लग्नात माझ्याकडे आला. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आप्पाने गादीवर लघवी केली. तिसऱ्या दिवशी माझ्या धुतलेल्या शर्टांवर. चौथ्या दिवशी बेसिनमध्ये. लिटर बॉक्स स्वच्छ होता, तरीही. रात्री अकरा वाजता गादी घासताना माणूस किती शांत राहू शकतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

सल्ला द्यायला लोक तयारच असतात. आई फोनवर म्हणाली, "अरे, सूनबाई गेली ना, म्हणून तुझ्यावर राग काढतोय. मांजर डूख धरतं बाळा." दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "मासळी बाजारात सोडून ये. मजेत राहील." ऑफिसातला मित्र म्हणाला, "खडकवासल्याला सोड, चौपाटीवर एवढ्या गाड्या असतात, काहीतरी खायला मिळतंच." सगळे चांगले लोक आहेत हो. मुंगी मारणार नाहीत.

आणि मी? मी गुरुवारी ऑफिसातून मॉनिटरचा रिकामा खोका घरी आणला. शनिवारी सकाळी निघायचं ठरवलं. बायकोला काय सांगायचं तेही ठरवलं : दार उघडं राहिलं, पळून गेला. ते वाक्य मी आरशासमोर म्हणूनही बघितलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण न लिहिता पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कामाला येणाऱ्या मावशी बाथरूम धुवायला गेल्या. आप्पा तिथे कोपऱ्यात लघवीच्या पवित्र्यात बसला होता. बराच वेळ. मध्येच विचित्र, खोल आवाज काढत होता. मी म्हटलं, "मावशी, बघा, आता इथे घाण करणार." मावशींनी दोन मिनिटं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्याला लागलंय पण होत नाहीये. आमच्या बोकडाला असंच झालं होतं. दुसऱ्या दिवशी गेला."

पाच दिवस मी त्या बोक्याकडे रागाने बघत होतो. बाईंनी दोन मिनिटं नुसतं बघितलं.

डॉक्टरांकडे रात्री साडेनऊला पोचलो, त्याच खोक्यातून. त्यांनी पोटाला हात लावला आणि सांगितलं, मूत्राशय दगडासारखं कडक झालंय, मार्ग बंद आहे. बोक्यांमध्ये हे बरंच दिसतं, कारण त्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. लघवीतले खडे किंवा चिकट बुच त्यात अडकतं. लघवी तुंबली की किडनीवर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. मार्ग पूर्ण बंद झाला की हिशोब तासांचा, फार तर एक-दोन दिवसांचा. गुंगी देऊन नळी घातली, सलाइन लावलं, चार दिवस दवाखान्यात ठेवलं. शनिवारी सकाळी तो खडकवासल्याच्या रस्त्याला असता तर रविवार त्याने बघितला नसता. आणि मी मात्र 'गाड्यांवर काहीतरी खात असेल' म्हणत चहा पीत बसलो असतो.

गादीवरचे ते थेंब राग नव्हता, तक्रार होती. लिटर बॉक्समध्ये बसलं की दुखतं, म्हणून तो दुसरी, मऊ जागा शोधत होता. आणि साधा विचार करा : घाण ही आपली कल्पना आहे. मांजराच्या लेखी त्याची लघवी म्हणजे घाण नव्हेच. जी गोष्ट त्याला घाण वाटतच नाही, ती वापरून तो बदला कसा घेईल?

पण आपली भाषाच मांजराविरुद्ध कट करून बसलीय. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून चोर. उंदराला मांजर साक्ष म्हणून लबाड. आडवी गेली म्हणून अपशकुनी. माणसाला नाही, घराला ओळखते म्हणून कृतघ्न. बरं, त्या दुधाचंही तसंच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध धड पचत नाही. हगवण लागते. म्हणजे आपणच चुकीचं खाऊ घालायचं, आणि घर घाण केलं म्हणून आपणच बोंबलायचं.

चेहऱ्याचंही तेच. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या एका मांजरीचा रुसका चेहरा इंटरनेटवर गाजला. घरातलं नाव टार्डर सॉस, पण सारं जग तिला ग्रम्पी कॅट म्हणायचं. घरच्यांनी सांगितलं होतं की तिला जन्मतः खुजेपणा आहे आणि खालचा जबडा पुढे आलाय, म्हणून चेहरा तसा दिसतो. स्वभावाने ती शांत होती. २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी ती गेली. कारण? मूत्रमार्गाच्या संसर्गातून झालेली गुंतागुंत. तिच्या घरच्यांनी उपचार केले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मुद्दा एवढाच की चेहरा म्हणजे मूड नव्हे, आणि चेहऱ्यावर हसणाऱ्या जगाला आत काय दुखतंय ते दिसत नाही.

आता या 'सोडून देणे' प्रकाराबद्दल. आपल्याकडे मांजर मारणं महापाप. हातून मेली तर सोन्याचं मांजर करून काशीला जावं लागतं असं आजी सांगायची. म्हणून आपण मारत नाही. आपण पोत्यात घालतो आणि वाट सापडणार नाही इतक्या लांब नेऊन सोडतो. हा पापातला लूपहोल आहे. काम तेच होतं, फक्त ते होताना बघायला आपण तिथे नसतो.

कायद्याचं म्हणाल, तर प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा आहे. उपाशी-तहानेलं राहून हाल होतील अशा रीतीने जनावर सोडून देणं हा त्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड : कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये. पन्नास रुपये! ज्या ट्रॅफिकमधून तुम्ही मांजर सोडायला जाता, तिथे सिग्नल तोडला तरी याहून जास्त जातात.

"गावाकडे मांजरं मोकळीच असतात की!" असतात. पण ती तिथेच जन्मलेली असतात, कुठलं कौल निसटतं आणि कुठला कुत्रा चावतो ते त्यांना ठाऊक असतं. तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या, प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरून पलंगाखाली जाणाऱ्या आप्पाला मासळी बाजारात सोडणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

"माणसांना खायला नाही आणि तुम्ही मांजरावर एवढा खर्च करता?" खरंय, बिल एका बऱ्या फोनएवढं झालं. पण मी फोन घेतला तेव्हा मला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"पण खरंच जमत नसेल तर?" बाळाला दमा असतो, घर बदलतं, पैसे संपतात. मान्य. मग त्याला दुसरं घर शोधा. चार ठिकाणी विचारा, फोटो टाका, महिनाभर थांबा. मला काही म्हणायचं नाही. माझं भांडण खोक्याशी आहे.

आणि हो, घरात मांजर असेल तर एवढं लक्षात ठेवा. ते वारंवार लघवीला बसतंय, जोर करतंय, थेंब-थेंब होतेय किंवा होतच नाहीये, ओरडतंय, रक्त दिसतंय : त्याच दिवशी डॉक्टर. बोका असेल तर त्याच तासाला. घरातली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे. पाणी ठेवा, दोन-तीन ठिकाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले, त्याला तहान कमीच लागते, म्हणून कोरड्या खाण्याबरोबर ओलं खाणंही द्या.

बायको नाशिकहून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. खोक्याचंसुद्धा. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रूट कॉज मला माहीत होता, त्यामुळे चौकशी केली नाही.

खोका अजून घरात आहे. आप्पा दुपारी त्यातच झोपतो. ओलं खाणं मिळतं, पाण्याची तीन भांडी आहेत, राउटर भिंतीवर टांगलाय. तरी चेहरा तसाच आहे, बिनसहीच्या अर्जावरचा. आज पहाटे पाच दहाला पुन्हा पेला फुटला. मी उठलो, फरशी पुसली आणि मुकाट्याने त्याच्या वाटीत खाणं टाकलं.