ओसरीवरील विचार : न दिसणारी तार

पनवेलीस वडाळे तलावाच्या कांठीं सायंकाळीं चार पावलें टाकण्याचा आमचा नित्यक्रम आहे. गेल्या दिवाळींत चौदा वर्षांची नात आजोळीं आली होती, तेव्हां तीहि बरोबर येई. एकदां कसल्याशा गोष्टीवर ती खळखळून हंसली आणि तत्क्षणीं तिनें तोंडावर हात नेला. पुढील चार दिवस आम्हीं लक्ष ठेविलें, तों हा प्रकार प्रत्येक हंसण्याबरोबर चाललेला! विचारल्यावर ती म्हणाली, "आजोबा, माझे दांत पुढें आहेत. तार बसवायची आहे. पण दिसणारी नको."

वाचकहो, हें ऐकतांच आम्हांस आमचा एक जुना वर्ग आठवला. संस्कृताच्या तासाला 'दन्तुर' या शब्दाचा अर्थ सांगतांना आम्हीं पहिल्या बांकावरील एका मुलाकडे बोट दाखविलें होतें. वर्ग हंसला. शब्दाचा अर्थ सर्वांच्या पक्का ध्यानांत राहिला; तो मुलगा मात्र पुढें वर्षभर तोंडावर हात धरून बोलत असे. आपण काय केलें हें आम्हांस तेव्हां उमगलें नाहीं. म्हणूनच नातीची मागणी 'नसती हौस' म्हणून झिडकारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पनवेल हें १८७२ पासून धूतपापेश्वराच्या आयुर्वेदीय औषधांचें गांव. तेव्हां आम्हीं प्रथम वाग्भट काढून पाहिला यांत नवल नाहीं. त्यांत वेड्यावांकड्या दांतांस 'कराल' असें नांव आहे. नातीच्या तोंडांत कराल म्हणण्याजोगें कांहींच नव्हतें. तरी पुढें आलेला दांत पडण्या-धडपडण्यांत आधीं फुटतो, आणि दाटीनें उगवलेले दांत नीट घांसले न गेल्यामुळें किडतात. म्हणजे प्रश्न केवळ रूपाचा नव्हे, हें आम्हांस मान्य करावें लागलें. मग आम्ही तज्ज्ञांकडे गेलों. पनवेल तालुक्यांतच कामोठ्यास महात्मा गांधी मिशनचें आणि खारघरास येरळा मेडिकल ट्रस्टचें अशीं दंतमहाविद्यालयें आहेत. अशा ठिकाणीं अध्यापकांच्या देखरेखीखालीं पदव्युत्तर विद्यार्थी उपचार करितात व खर्च खाजगी दवाखान्यापेक्षां पुष्कळच कमी येतो, हें मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दांत हा हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्यावर हलका पण सतत दाब राहिला, कीं एका बाजूचें हाड विरतें व दुसऱ्या बाजूस नवें भरतें. ही चाल महिन्यास सुमारें एक मिलिमीटर. म्हणून उपचारास बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. तार कोणतीहि असो, निसर्गाची ही गति बदलत नाहीं.

'न दिसणाऱ्या' तारांचे मुख्य प्रकार तीन. पहिला सिरॅमिकचा. यांत दांतांवर धातूऐवजीं दांतांच्याच रंगाच्या टिकल्या चिकटवितात. तार दिसते, पण लांबून नजरेंत भरत नाहीं. या टिकल्या ठिसूळ असतात व धातूच्या टिकल्यांहून थोड्या मोठ्या असतात. तार धरून ठेवणारीं पारदर्शक रबरें मात्र आपल्या वरण-कढीच्या हळदीनें दोन-चार दिवसांत पिवळीं पडतात आणि पुढील भेटींत बदलेपर्यंत तशींच राहतात. शिवाय सिरॅमिक हें दांताच्या कवचाहून कठीण. वरचे दांत खालच्यांवर फार उतरत असतील, तर खालीं तें बसवीत नाहींत, नाहीं तर वरचे दांत झिजतात.

दुसरा प्रकार अलायनरचा. कॅलिफोर्नियांत १९९७ मध्यें स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीनें 'इन्व्हिजलाइन' या नांवानें तो जगभर नेला. आतां इतरांचेहि निघाले आहेत. दांतांवर बसणारे हे प्लॅस्टिकचे पारदर्शक सांचे एकामागून एक, आठ-पंधरा दिवसांनीं बदलावयाचे. प्रत्येक सांचा दांतास सुमारें पाव मिलिमीटर सरकवितो. जेवतांना ते काढतां येतात, दांत नीट घांसतां येतात, हा मोठा गुण. पण दिवसांतून वीस ते बावीस तास ते तोंडांत हवेत! चहा, फराळ, दोन जेवणें, प्रत्येक वेळीं काढणें, चूळ भरून दांत घांसणें व पुन्हा घालणें: हें ज्यास साधतें त्याचेच दांत सरळ होतात. पुष्कळांच्या दांतांवर त्यासाठीं दांताच्या रंगाचे बारीक उंचवटेहि चिकटवावे लागतात.

तिसरा प्रकार दांतांच्या आंतल्या बाजूनें तार बसविण्याचा. जपानांत फुजिता व अमेरिकेंत कर्झ यांनीं तो १९७० नंतरच्या दशकांत पुढें आणिला. बाहेरून कांहींच दिसत नाहीं; परंतु सर्वांत महाग, आणि जीभ सोलली जाते. त, द, न, ल, स हे दन्त्य वर्ण जीभ दांतांस भिडल्यानेंच उमटतात. तेथें तार आली कीं कांहीं आठवडे उच्चार बिघडतात. आम्हां संस्कृताच्या मास्तरास हा दोष सर्वांत जड वाटला.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. घरच्या घरीं दांतांचा ठसा घेऊन पाठवावयाचा आणि टपालानें सांचे मागवावयाचे, असाहि मार्ग निघाला. अमेरिकेंतील 'स्माइल डायरेक्ट क्लब' ही त्यांतील मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्यें बंद पडली व उपचार अर्ध्यावर असलेले लोक तसेच राहिले. दांत हाडांतून सरकवावयाचा, तर हाड कसें आहे हें क्ष-किरणांनीं कोणी तरी पाहिलेंच पाहिजे. तो कोणी तरी ऑर्थोडाँटिस्ट असावा, म्हणजे बी. डी. एस. नंतर याच विषयांत तीन वर्षें एम. डी. एस. केलेला. आणि उपचार संपल्यावर दांत मागें फिरूं नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो, हें प्रकार कोणताहि निवडला तरी चुकत नाहीं.

नातीस अर्थातच अलायनर हवे होते. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "चार दांत काढून जागा करावी लागेल, हिच्या बाबतींत चिकटविलेल्या तारेचा ताबा अधिक चांगला राहील." मग तिला विचारलें, "सांचे दिवसाला बावीस तास सांभाळशील?" ती क्षणभर गप्प राहिली. वर्षभरांत दोन डबे व एक छत्री शाळेंत हरविल्याचें तिनें स्वतःच कबूल केलें. शेवटीं वर सिरॅमिक व खालीं साधी धातूची तार, असा निर्णय तिनेंच दिला. खालची दिसेल, असें आम्हीं सुचविलें. "दिसूं दे," ती म्हणाली. दवाखान्याच्या बांकावर तारा लावलेलीं तिच्याच वयाचीं पांच-सहा मुलें मोकळेपणानें हंसत होतीं. तीं तिनें पाहिलीं होतीं.

आईबापांनो, तार निवडतांना 'कोणती कमी दिसते' हें शेवटीं विचारा. आधीं दांतांस काय हवें, आणि मग मुलाच्या स्वभावास काय झेपेल, हें पाहा. शिक्षकबंधूंनो, तुम्हांस एवढेंच सांगणें, कीं शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा, मुलाच्या तोंडाकडे बोट दाखवूं नये. आमचा तो पहिल्या बांकावरचा विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत असेल. हें पान त्याच्या घरीं जात असेल, तर त्यानें आमची ही क्षमायाचना स्वीकारावी. ती फार उशिरां येत आहे.