डोहाचा फोटो कोणासाठी?



आमच्या पाड्याखाली खडकाच्या कपारीत एक डोह आहे. वर उंबराची, करंजाची सावली. आत ऊन पोचतच नाय. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो, पण होळी झाली की विहिरी तळ दाखवतात. तेव्हा हाच डोह माणसांना नि गुरांना जगवतो. पाड्यातली सगळी पोरं पोहायला इथेच शिकली. कपारीच्या तोंडाशी वाघदेव आहे.

दोन वर्षांपूर्वी शहरातून चार पाहुणे आले. वाट मीच दाखवली आणि हौसेने फोटोत उभा पण राहिलो. चूक माझी, म्हणून आधी तीच लिहितो. फोटो चांगला आला. इंटरनेटवर गेला. खाली लिहिले होते, कोणालाच माहीत नसलेली जागा. मग माझी आजी जन्मभर हंडे कुठून भरत होती?

पुढच्या उन्हाळ्यात जीपा आल्या. कपारीत दारूच्या बाटल्या फुटल्या. बायांना अंघोळीला, पाण्याला जायची चोरी झाली. आजी मला एवढेच बोलली, "फोटूत पानी दिसतं, पानी भरनारी नाय दिसत."

हेच समजून घ्यायचे आहे. ज्या फोटोत माणूस नाही, हंडा नाही, गुरे नाहीत, ती जागा बघणाऱ्याला रिकामी वाटते. आणि रिकामी म्हटलेली जागा कोणीपण मागतो. आज फिरायला येणारे, उद्या ठेकेदार, परवा कुंपण आणि पाटी.

म्हणून फोटो काढूच नका असे आम्ही म्हणत नाही. फोटो आपण काढू, आपल्या दाव्यासाठी काढू. वनहक्क कायदा 2006 चा आहे, त्याचे नियम 2008 चे. नियम 13 मध्ये सामूहिक हक्काचे पुरावे सांगितले आहेत: माणसांचे व गुरांचे पाणवठे, मासे धरायच्या जागा, चराईची राने, देवाची झाडे, देवराई, तळी. आपला डोह यात एकदा नाही, तीनदा बसतो.

पण नुसता फोटो पुरत नाय. त्याच नियमात एकापेक्षा जास्त पुरावे बघायला सांगितले आहे. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब असला तर बरा. नकाशावर डोह, पायवाट, वाघदेव दाखवा.

फोटो काढताना हे बघा. कपारीत अंधार असतो, तेव्हा कॅमेरा दगडावर टेकवा, हात हलू देऊ नका. एक फोटो लांबून काढा, डोंगर आणि पायवाट दिसेल असा. एक जवळून, पाणी भरणाऱ्या बाया आणि गुरे दिसतील असा. अंघोळीच्या वेळी कोणाचा फोटो काढायचा नाही, आणि काढायच्या आधी बायांना विचारायचे. देवाचा काढायचा की नाही ते पाड्याने ठरवायचे. मागे तारीख, जागेचे नाव, दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. फोटो वनहक्क समितीच्या फायलीत राहील, बाहेर जाणार नाही.

आणि पाहुणे आले तर? कलम 5 प्रमाणे पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तेव्हा ग्रामसभेत बसा, ठराव लिहा: डोहावर कोण येणार, कोणाला विचारून येणार, फोटो कोण काढणार. एकट्या पोराने वाट दाखवायची नाही. मी दाखवली, पण भोगले सगळ्या पाड्याने.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने आपापल्या पाणवठ्यांची यादी घेऊन यावे. यादीत बायांनी सांगितलेली नावे पहिली लिहावीत. पाणी त्याच भरतात.

जिंदाबाद!