मोजाल तेच लिहा

या अंकाची जुळणी चालू असताना पुसेगावहून (ता. सेनगाव, जि. हिंगोली) आमच्या एका शिक्षक-वाचकाचे पत्र आले. एका संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर संदेश आला: विद्यार्थ्यांच्या शारीरिक क्षमता चाचणीची ऑनलाइन नोंद परवा दुपारपर्यंत शंभर टक्के पूर्ण करावी, अपूर्ण शाळांची यादी वरिष्ठांकडे पाठवली जाईल. दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे, त्यामुळे वर्गात निम्मीच मुले. वजनकाटा मागून आणलेला, टेप पंधरा मीटरचा, मैदानावर पावसाळ्यातले गवत अजून उभे. या शिक्षकांनी दोन दिवसांत जेवढी मुले प्रत्यक्ष मोजता आली तेवढी मोजली, तेवढीच भरली आणि बाकीचे रकाने कोरे ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेचे नाव अपूर्ण शाळांच्या यादीत झळकले. ज्यांनी सगळे रकाने भरले त्यांचे त्याच गटावर अभिनंदन झाले. पत्राच्या शेवटी ते विचारतात, ‘आमचं चुकलं काय?’

सर, तुमचे काहीही चुकलेले नाही. त्या यादीतली सगळ्यांत विश्वासार्ह नोंद बहुधा तुमचीच आहे.

या विषयावरचे हे एकच पत्र नाही. गेल्या काही महिन्यांत मराठवाडा आणि विदर्भातून आलेल्या पत्रांचा सूर सारखाच आहे. कुणी लिहितो, अख्ख्या वर्गाची 600 मीटरची वेळ दोन-चार सेकंदांच्या फरकाने एकसारखी भरली गेली. कुणी लिहितो, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या मुलांच्याही पुशअप्स नोंदल्या गेल्या. एका शाळेत मुलांची उंची गेल्या वर्षीपेक्षा कमी भरली आणि कुणी ते विचारलेही नाही. विचारणार कोण? वर बसलेल्यांना टक्केवारी दिसते, मूल दिसत नाही. नोंद झाली की नाही एवढेच तपासले जाते. ती खरी आहे का, आणि त्या आकड्याचे पुढे काय केले, हे तपासणारे कुणी नाही.

चाचण्यांविषयी आमची तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. खेलो इंडिया आणि फिट इंडियाच्या शालेय चाचण्यांचा संच साधा आणि कमी खर्चाचा आहे. पहिली ते तिसरीसाठी बीएमआय, फ्लेमिंगो बॅलन्स, प्लेट टॅपिंग. चौथीपासून पुढे बीएमआय, 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे-चालणे, सिट अँड रीच, पार्शियल कर्लअप आणि पुशअप. यातल्या धावण्याच्या चाचण्यांचा वारसाही जुना आहे. 1950च्या दशकात क्राउस-वेबर चाचणीत अमेरिकेची निम्म्याहून अधिक मुले नापास झाली आणि युरोपातली दहा टक्केसुद्धा झाली नाहीत, तेव्हा त्या देशाला धक्का बसला. 1956 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवकांच्या क्षमतेसाठी परिषद नेमली आणि पाठोपाठ 50 यार्ड व 600 यार्ड धावणे असलेली चाचणी देशभर आली. पुढे 1976 च्या सुधारणेत 600 यार्डांऐवजी एक मैल किंवा नऊ मिनिटे धावण्याचा पर्याय दिला गेला, कारण हृदय-फुप्फुसांची क्षमता जोखायला 600 अपुरे पडते हे तोवर मोजमापांतून कळले होते. आकडे खरे असले की चाचणीच सुधारता येते. आपण भरतो तसले आकडे वीस वर्षे साठवले तरी त्यातून काहीच कळणार नाही.

आता मोजण्याच्या तपशिलाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच आहे.

पन्नास मीटरचे घ्या. शिट्टी प्रारंभरेषेवर वाजते आणि घड्याळ धरणारा अंतिम रेषेवर उभा असतो. आवाजाला तिथवर पोचायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो. शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले की प्रत्येक मूल तेवढे वेगवान ठरते. यंदा शिट्टी ऐकून आणि पुढच्या वर्षी हात पाहून घड्याळ सुरू केले, तर मुलाचा वेग घटल्याचे दिसेल आणि प्रत्यक्षात घटलेला नसेल. म्हणून हात किंवा रुमाल खाली येताना पाहूनच घड्याळ दाबा. शिवाय 50 मीटरच्या चाचणीला किमान 65-70 मीटर सरळ जागा लागते. भिंतीच्या अलीकडे रेषा आखली तर मूल शेवटचे दहा मीटर वेग आवरतच धावते.

सहाशे मीटरचा गोंधळ याहून मोठा आहे. ज्या शाळेचे पटांगण 30 बाय 20 मीटरचे, तिथे एक फेरी 100 मीटरची, म्हणजे सहा फेऱ्या आणि चोवीस काटकोनी वळणे. ही वेळ 200 मीटरच्या ट्रॅकवरच्या वेळेशी ताडून पाहता येत नाही. तरीही दोन्ही एकाच रकान्यात, एकाच श्रेणीत बसवल्या जातात. दुसरी गोष्ट, हे अंतर मुलाला दोन ते साडेतीन मिनिटे घेते. आयुष्यात पहिल्यांदाच वेळ लावून पळणारे मूल पहिले दीडशे मीटर जिवाच्या आकांताने पळते आणि मग कमरेवर हात ठेवून चालते. त्या दिवशी तुम्ही त्याचा दम मोजलेला नसतो, वेग राखण्याचा सराव नाही एवढेच मोजलेले असते. चाचणीआधीच्या तीन आठवड्यांत दोन-तीन वेळा हे अंतर पळवल्याशिवाय घेतलेली नोंद टाकाऊ समजावी.

बीएमआयमध्ये तर आपण मुलांचे थेट नुकसान करतो. 18.5 ते 25 हे प्रौढांचे माप आहे. तेरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय 16 आला की काही शाळा त्याला कमी वजनाचा ठरवतात आणि पालकांना चिठ्ठी धाडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वयानुसार तक्त्यात तेरा वर्षांसाठी हा आकडा सामान्य मर्यादेत बसतो. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात एकट्या बीएमआयवरून निकाल देणे चूकच. वय महिन्यांसह लिहा, बूट-चपला काढून उंची घ्या, तक्ता वयाचा आणि लिंगाचा वापरा. सिट अँड रीचच्या पेटीवर शून्य कुठे आहे तेही लिहून ठेवा, कारण सुताराकडून बनवून घेतलेल्या दोन पेट्यांत तळव्याची रेषा एकाच आकड्यावर असेल याची खात्री नाही.

हे सगळे दोन दिवसांत शंभर टक्के करा, असे सांगणाऱ्यांना आमचा सरळ प्रश्न आहे. चाळीस मुलांचा एक वर्ग सहा चाचण्यांतून नीट न्यायचा तर किमान चार तासिका लागतात. पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी एकच तुकडी धरली तरी चोवीस तासिका झाल्या, आणि त्यातल्या बहुतेक सकाळच्या हव्यात. अनेक शाळांत स्वतंत्र शारीरिक शिक्षण शिक्षकच नाही. जिथे आहे तिथे तो निवडणुकीच्या याद्या, पोषण आहाराची नोंदवही आणि निरनिराळ्या लिंक भरण्यात अडकलेला. आदेश काढणाऱ्याने हे गणित एकदा तरी कागदावर मांडले होते का? मांडले नसेल तर त्याने शिक्षकाला खोटे लिहायलाच सांगितले, मग आदेशाची भाषा कितीही सभ्य असो.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. चाचणीसाठी दिवाळीनंतरचे सलग सहा आठवडे द्या. तोवर सोयाबीन घरात आलेले असते आणि सकाळी हवा धावण्याजोगी असते. ‘मोजले नाही’ ही नोंद कारणासह वैध धरा आणि तिच्याबद्दल शाळेला जाब विचारू नका. प्रत्येक केंद्राला 50 मीटरचा टेप, दोन स्टॉपवॉच, तपासून घेतलेला वजनकाटा, उंचीमापक आणि एक प्रमाणित पेटी द्या. ती आळीपाळीने शाळांना मिळाली तरी चालेल. आणि केंद्रातल्या पाच टक्के मुलांची फेरचाचणी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडून करून घ्या. एवढ्या एका उपायाने बनावट नोंदी थांबतील.

आता थोडे आपल्या लोकांविषयी.

वरून दडपण आहे हे खरे, तरीही खोटा आकडा आपल्याच बोटांनी भरला जातो. मैदान नाही, साहित्य नाही, वेळ नाही ही कारणे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी सुंभ आणि खुंट्या घेऊन आपले पटांगण एकदा तरी मोजले आहे? तासिकेला पोरांसमोर चेंडू टाकून झाडाखाली मोबाइल पाहणारे सहकारी आपल्यात आहेत. बी.पी.एड.ला मापन व मूल्यमापन हा विषय शिकलेला माणूस जेव्हा खोलीत बसून चाळीस मुलांच्या धावण्याच्या वेळा कल्पनेने लिहितो, तेव्हा तो स्वतःच्या विषयाची किंमत शून्य करतो. मग तासिका कमी झाल्या, पदे भरली नाहीत म्हणून आपण मोर्चे काढतो. न पळवताही निकाल येत असेल तर पळवणारा शिक्षक कशाला हवा, असे शासनाला वाटले तर त्याला उत्तर काय देणार?

या खोट्या आकड्यांची किंमत पुढे कोण मोजतो, तेही पाहा. हिंगोलीला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. पुसेगाव, सेनगावपासून औंढा, कळमनुरीपर्यंत भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीत 50 गुणांची मैदानी चाचणी: मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर यांना 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15. राखीव बलासाठी तर 5 किलोमीटर. दहा वर्षे शाळेत राहिलेल्या या तरुणांना आपला 600 मीटरचा खरा वेळ माहीत नसतो. जाहिरात आली की ते तीन महिन्यांत सगळे भरून काढू पाहतात. दम काही आठवड्यांत वाढू लागतो, हाडे तेवढ्या लवकर बळकट होत नाहीत. म्हणून नडगी धरते, पुढे हाडाला चीर जाते आणि पोरगे भरतीआधीच घरी बसते.

याहून वाईटही घडलेले आहे. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना आणि धावल्यावर तरुण दगावले. त्यानंतर हे अंतर कमी करावे लागले. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. उष्माघात झालेल्या धावपटूला गाडीत घालण्याआधी जागेवरच पाण्याने थंड करायचे असते. हे आपल्या विषयातले प्राथमिक ज्ञान आहे आणि ते गावातल्या पोरांपर्यंत पोचवणारा दुसरा कुणीही नाही. पुसेगावसारख्या गावात क्रीडाशास्त्रज्ञ म्हणजे शाळेतला शारीरिक शिक्षण शिक्षकच.

तेव्हा मंडळी, आदेश सुधारण्याची वाट पाहू नका. या महिन्यापासून पुढील गोष्टी करा.

पटांगणाचा परीघ सुंभाने मोजा, कोपऱ्यांत दगड मांडून फक्की मारा आणि परिघाचा आकडा शाळेच्या भिंतीवर रंगवा. धावमार्गाचे अंतर आतल्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर मोजा. 600 मीटर जोडीने घ्या: निम्मी मुले पळतील, निम्मी आपल्या जोडीदाराच्या फेऱ्या मोजतील. तुम्ही अंतिम रेषेवर घड्याळ पाहून सेकंद मोठ्याने म्हणत राहा, जोडीदार आपल्या गड्याची वेळ ऐकून लगेच लिहील. एका तासिकेत वर्ग होतो. लवचिकता आणि पुशअप आधी घ्या, 600 मीटर नेहमी शेवटी ठेवा. आजारी, उपाशी आणि पाळीच्या त्रासात असलेल्या मुलींना त्या दिवशी सोडा, दुसरा दिवस द्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयी आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले. मुलीची वेळ अचानक घसरली तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवा.

प्रत्येक मुलाची नोंद त्याच्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्या: तारीख, वेळ, मैदान. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. स्वतःचा सहा सेकंदांनी सुधारलेला आकडा पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी सांगितल्याशिवाय पळते. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते. दोन-तीन तासिकांत ते बसत नाही. मूल तुमच्या तासिकेबाहेर पळू लागले तरच ते साधेल.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची विनंती. जे मूल मोजले नाही त्याचा रकाना कोरा ठेवा. शेऱ्यात स्पष्ट लिहा: अनुपस्थित, साहित्य नाही, मैदान नाही. त्याची एक प्रत सहीशिक्क्यानिशी आपल्याकडे ठेवा. यादीत नाव आले तर येऊ द्या. एका शाळेने हे केले तर तिला नोटीस येईल, तालुक्यातल्या सर्व शाळांनी केले तर आदेश बदलेल. तालुका संघटनांनी पुढच्या बैठकीत हा एकच ठराव घ्यावा. खऱ्या मोजमापाच्या नोंदी मैदानाच्या मापासह आमच्याकडे पाठवा, मुलांची नावे वगळून आम्ही त्या छापू. पहिली नोंद आम्हाला पुसेगावहून हवी आहे.